तोंडाला लायसन लागत नाही

लायसन हा शब्द ऐकला की अजूनही माझं टाळकं सरकतं. गाडीचं लायसन नव्हे, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. मी म्हणतो ते सर्व्हरचं. जरा दम धरून ऐका, कारण ते कळल्याशिवाय बाईंची गोष्ट कळायची नाही, आणि मला सांगायची आहे ती बाईंचीच.

मी ब्रह्मपुरीचा. तिथंच कॉलेज केलं, तिथंच कॉम्प्युटर शिकलो, आणि नोकरी लागली ती गडचिरोलीच्या पुढं, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात. केसपेपरच्या खिडकीवर मी बसायचो. येईल त्याचं नाव, गाव, वय, तक्रार टाइप करायची आणि प्रिंटरमधून निघालेला कागद हातात द्यायचा. प्रिंटर अडला, लाइट गेली, सर्व्हर बसला, तर तेही माझ्याच गळ्यात. स्वभाव पहिल्यापासून तापट. रांग लांबली की आवाज चढायचा. बाई म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या तोंडात मिरची अन् पोटात गूळ. पन लोकायले आंधी मिरचीच लागते ना."

बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायच्या. गोंड घरच्या, दवाखान्याच्या मागचे नाले ओलांडून आत गेलं की लागणाऱ्या गावच्या. नवरा तरुणपणीच वारला, मूलबाळ नाही, भावाच्या घरी राहायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. गोंडी जन्माची, मराठी बाजारात शिकलेली, आणि सिरोंच्याकडचं कुणी आलं तर कामापुरती तेलुगू. आमच्या खिडकीवर येणारे बरेच लोक जंगलाच्या आतून यायचे. काहींना मराठी कळायची नाही, आणि ज्यांना कळायची त्यांनाही दुखणं मराठीत सांगवत नसे. ते बाईंना सांगायचे, बाई मला सांगायच्या आणि मी मशीनमध्ये टाकायचो. बाई एक वाक्य बोलून थांबायच्या, माझी बोटं थांबेपर्यंत पडद्याकडे बघत राहायच्या, आणि मग पुढचं वाक्य. वाचता येत नव्हतं, पण माझं लिहून झालं की नाही हे त्यांना बरोबर कळायचं.

पण त्या दुखणं आधी विचारायच्याच नाहीत. पहिला प्रश्न, गाव कोणतं. दुसरा प्रश्न, तुम्ही किती देवांचे. गोंडांमध्ये घराण्याचे देव मोजतात, कुणी चार देवांचे, कुणी पाच, सहा, सात. आपला आकडा जुळला तर तो भाऊबंद, वेगळा निघाला तर सोयरा. म्हणजे कसंही झालं तरी नातं निघतंच. बाई स्वतः सहा देवांच्या. नातं निघालं की त्या खिडकीतून हात बाहेर काढून समोरच्याचा हात धरायच्या आणि तेव्हा कुठं म्हणायच्या, सांग.

मी चिडायचो. "बाई, रांग फाटकापर्यंत गेली. देव काऊन मोजून राह्यले? ताप आहे का खोकला, तेवढं विचारा ना."

"परक्या मानसाले कोन सांगन, भाऊ, का मले लघवीतून रक्त जाते म्हनून? आंधी आपलं व्हा लागते. मंग दुखनं बाहीर निंगते."

माझ्या प्रोग्रॅममध्ये देवांसाठी रकाना नव्हता. तरी वर्षानुवर्षं शेजारी बसून तो प्रश्न माझ्या कानात बसला. गोंडीतलं दुसरं काही मला धड कळत नसे. पण ‘पेन’ म्हणजे देव, हे मला ठाऊक होतं, आणि बाईंचा आवाज त्या शब्दावर जरा खाली उतरायचा तोही ओळखीचा झाला होता.

मशीनला मात्र त्यांनी कधी बोट लावलं नाही. मी एकदा म्हटलं, बाई, निदान प्रिंटचं बटण दाबत जा, मला उठावं लागतं. तर हसल्या. म्हणाल्या, "आमच्यात बाईनं नांगराले हात लावाचा नाई, भाऊ. नांगर तुमी धरा, मी मांगून पेरतो." आमच्याकडच्या बायका ‘मी पेरतो, मी येतो’ असंच बोलतात, त्यात नवल नाही. नवल हे की त्या बोलण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. नांगरणारा एक आणि पेरणारी एक, दोघांचं मिळून एक शेत, असा त्यांचा हिशेब होता.

आता लायसन. दवाखान्यात नवा सर्व्हर आला, म्हणजे एक मोठं मशीन ज्यात सगळ्यांचे केसपेपर राहतात आणि बाकीची मशीनं त्याला जोडलेली. सर्व्हरचं सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे झालं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तर नाही. झाडीपट्टीतल्या नाटकासारखं असतं ते. मंडप घातला म्हणजे सगळ्यांना आत फुकट बसता येत नाही. मंडपाचं वेगळं, बसणाऱ्याचं तिकीट वेगळं. सर्व्हर हा मंडप. त्याच्याकडे काम घेऊन येणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळं लायसन.

आणि ते दोन प्रकारचं. एक माणसाच्या नावाचं, तो माणूस कुठल्याही मशीनवरून येवो. दुसरं मशीनच्या नावाचं, त्या मशीनवर कुणीही बसो. एखाद्या घरानं नाटकात एक खुर्ची घेतली, तर आधी आजा बसतो, त्याला झोप लागली की सून येऊन बसते, आणि खुर्चीला काही फरक पडत नाही. डॉक्टर लोक वॉर्डातून, तपासणीच्या खोलीतून, घरून, सगळीकडून सर्व्हरवर येतात, त्यांना माणसाच्या नावाचं बरं. आमच्या खिडकीसारख्या ठिकाणी, जिथं पाळीपाळीनं कुणीही बसतं, तिथं मशीनच्या नावाचं. दोन्ही मिसळून घेता येतात. एवढंच आहे. यात न कळण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

गंमत म्हणजे लायसन नसलं तरी हा सर्व्हर कुणाला अडवत नाही. दारावर कुणी उभा नसतो. सगळं इमानावर चालतं. कंपनीनं कधी विचारलं, तर दाखवायचं की आमची इतकी माणसं आणि इतकी लायसनं. आमच्या व्यवस्थापक साहेबांनी त्या विचारण्याचीच धास्ती घेतली. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. त्यांनी नागपूरहून एक लायसनवाला बोलावला, आणि तो टाय लावून उन्हातान्हात दवाखानाभर फिरत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागला, की तुम्ही कॉम्प्युटर वापरता का.

आमच्या खिडकीवर आला. माझं नाव घेतलं. मग बाईंना विचारलं.

"नाई बापा," बाई म्हणाल्या. "मी हातबी नाई लावत."

अभिमानानं म्हणाल्या. आपल्यावर उगाच कुणी आळ घेऊ नये अशा ठसक्यात. त्यांना वाटलं, नांगराला हात लावला का असं हा विचारतो आहे.

मी मध्ये पडलो. म्हटलं, साहेब, या खिडकीवर मशीनचं लायसन घ्या, इथं बसणारे बदलतात. आणि बाई सांगतात तेव्हा मी टाइप करतो, हे काम दोघांचं आहे. तो लायसनवाला खरं तर शहाणा होता. म्हणाला, "दुसऱ्या प्रोग्रॅममधून आडून जरी कुणी सर्व्हरवर आलं तरी लायसन लागतं. पण माणसानं माणसाला तोंडी सांगितलं तर नाही लागत. तोंडाला लायसन नसतं. बाईंची काही काळजी करू नका."

मी निश्चिंत झालो. बाईंनाही सांगितलं, तुमच्या तोंडाला लायसन लागत नाही म्हणतात. त्या खूष झाल्या. दुपारी भाकर खाताना ओट्यावरच्या बायांना सांगत सुटल्या, माझ्या तोंडाले सरकारनं मोकळं सोडलं म्हणून.

आणि मग साहेबांनी घोळ घातला. मिसळून घ्यायचं त्यांना किचकट वाटलं, म्हणून सगळीच लायसनं माणसांच्या नावाची घेतली. त्यातच हजेरीही सर्व्हरवर आणली. सकाळी आपल्या नावानं मशीनवर यायचं, तीच हजेरी. म्हणजे लायसनच्या यादीत जो, तोच कामावर. बाईंचं नाव यादीत नव्हतं. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "तिला लायसन लागत नाही ना? मग ती सिस्टिममध्ये कशी येईल?" मी म्हटलं, लायसन लागत नाही, पण माणूस तर लागतो. तर म्हणतात, "वॉर्डात आहे की एक मुलगी गोंडी बोलणारी. गरज पडली तर बोलवा. अन् आता सगळ्यांना मराठी येते हो."

ज्याला लायसन लागत नाही तो माणूसही लागत नाही, असा अर्थ त्यांनी काढला. मी टेबलावर हात आपटला, तोंडाला येईल ते बोललो. पालथ्या घड्यावर पाणी. वर मलाच समज मिळाली, की आवाज खाली ठेवा.

बाईंना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी खुर्चीवर बसूनच सांगितलं, त्यांच्याकडे न बघता. त्यांनी भाकरीचं फडकं नीट बांधलं. मग म्हणाल्या, "मी खरं सांगतलं ना, भाऊ? हात तं नाईच लावला कधी."

"खरंच सांगितलं, बाई."

"मंग ठीक आहे," म्हणाल्या. उठताना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भावाच्या घरी मी उपरी. इथी बसलो का सारं रान माझं सोयरं होते. तेवढंच वाटते." भाकरीचं फडकं उचललं आणि गेल्या. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायलाही उठलो नाही, कारण रांग होती. खोटं कशाला बोलू, रांग नसती तरी उठवलं नसतं.

पुढचं वर्ष कसं गेलं ते विचारू नका. लोक खिडकीवर यायचे, बाईंची खुर्ची बघायचे, माझ्याकडे बघायचे. मी मोठ्यानं विचारायचो, जसं काही मोठ्यानं विचारलं की मराठी कळते. ते हाव म्हणायचे, हाव म्हणजे हो. ताप आहे? हाव. पोट दुखते? हाव. नाही दुखत? हाव. वॉर्डातल्या मुलीला बोलवावं तर तिच्यामागं तिची कामं. काही लोक कागद घेऊन डॉक्टरकडे जायच्याऐवजी सरळ फाटकाबाहेर पडायचे. त्यांचं काय दुखत होतं हे कुणालाच कळलं नाही. मला रात्र रात्र ते चेहरे आठवायचे, आणि सकाळी पुन्हा तोच आवाज चढायचा.

मी साहेबांचा पिच्छा सोडला नाही. बाईंची खुर्ची परत मिळवायची, एवढं एकच डोक्यात. नागपूरच्या त्या लायसनवाल्याला फोन करकरून त्याच्या तोंडून साहेबांना पटवलं, की खिडकीच्या मशीनला मशीनच्या नावाचं लायसन घ्या, मग तिथं कोण बसतं याची फिकीर नको, आणि खिडकीवरच्यांची हजेरी पूर्वीसारखी कागदावर राहू द्या. शेवटी साहेब पाघळले. म्हणाले, "घ्या बाबा, बोलवा तुमच्या बाईला." त्या दिवशी मी वॉर्डभर पेढे वाटले. हसले लोक. म्हणाले, मिरची गोड झाली.

बाईंच्या गावाकडे जाणाऱ्या जीपवाल्याकडे निरोप धाडला. परतीच्या फेरीत त्यानं उत्तर आणलं, मोह वेचून झाला का येतो. मला बरं वाटलं. मोहाचे दिवस म्हणजे पहाटेपासून सगळं गाव फुलं वेचायला झाडाखाली, त्यात बाई घरी कशा थांबणार. मी त्यांच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकून घेतला.

मग एका सकाळी जीप फाटकाशी थांबली. मी काचेतून बाईंचं लुगडं ओळखलं. उठलो, दुपट्ट्यानं त्यांची खुर्ची पुसली आणि जरा बाहेर ओढून ठेवली. बघतो तर त्यांना भाऊ आणि भावजय दोन्हीकडून धरून उतरवत होते. उजवा हात लोंबत होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. भाऊ डॉक्टरला शोधायला आत धावला, आणि भावजय त्यांना घेऊन खिडकीशी आली. बाहेरच्या बाजूला.

"बाई," मी म्हटलं, "आत या. हे बघा, खुर्ची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती.

भावजय अडखळत म्हणाली, "मोहाखाली पडली. पुजाऱ्याकडे नेलं, झाडपाला केला. आता उभी राह्यते, बोलते. पन मराठी गेली तिची."

"गेली म्हणजे?"

"नाई बोलत. समजतबी नाई. गोंडीच बोलते निरी."

माणसाची एखादी भाषा अशी जाते हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी मागाहून सांगितलं, मेंदूला झटका आला की कधी कधी मागाहून शिकलेलं पुसलं जातं आणि आईची भाषा तेवढी उरते. पण तेव्हा मला वाटलं, बोलत राहिलं तर आठवेल. मी वेड्यासारखा सांगत सुटलो. "बाई, लायसन झालं. मशीनचं झालं. आता कुणीही बसू शकते इथं. तुमीबी." त्या पावसाचा आवाज ऐकावा तसं ऐकत होत्या. वॉर्डातल्या मुलीला हाक मारली तर ती बाळंतपणाच्या खोलीत अडकलेली.

मग बाईंनी डावा हात खिडकीतून आत घातला. आजवर तो हात आतून बाहेर जायचा. त्यांनी काहीतरी विचारलं, आणि एका शब्दावर आवाज जरा खाली उतरला. पेन.

मला कळलं. बाई मला विचारत होत्या, तू किती देवांचा.

एवढी वर्षं शेजारी बसलो, पण हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता, विचारायचं कारणही नव्हतं. आमच्या घरी देव्हाऱ्यात देव आहेत, ते कुणी मोजलेले नाहीत. मी सहा बोटं वर केली. आपण त्यातले नव्हे हे मला माहीत होतं, पण तिथं दुसरं काय करणार होतो. सहा म्हणजे त्यांचाच आकडा. सहा म्हणजे भाऊ.

बाईंचा चेहरा निवला. त्यांनी माझा हात धरला. आणि दुखणं सांगायला लागल्या.

खूप सांगितलं त्यांनी. एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, पडद्याकडे बघायच्या. माझी बोटं हलण्याची वाट बघायच्या. मग पुढचं वाक्य. ते थांबणं मला पाठ होतं, आणि त्यात लिहायला माझ्याकडे एक अक्षर नव्हतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी मोकळ्या हाताची बोटं कीबोर्डवर नुसतीच फिरवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मागं रांग उभी होती, आणि पहिल्यांदा मी कुणावर ओरडलो नाही.

"काय म्हणते?" मी भावजयीला विचारलं.

ती पदर तोंडाला लावून उभी होती. "सारंच सांगून राह्यली," ती म्हणाली. "कुठी दुखते, कवापासून दुखते, घरी कसं वाटते, सारं. मले एवढी मराठी नाई येत, भाऊ."

बाईंचं सांगून संपलं. त्यांनी माझा हात सोडला आणि प्रिंटरकडे बघू लागल्या. आता कागद निघतो, हे त्यांना आठवत होतं. मी नाव, गाव, वय टाकलं आणि उठून बटण दाबलं. कागद दिला. तक्रारीचा रकाना कोरा होता. बाईंनी तो कागद डाव्या हातानं छातीशी धरला आणि भावजयीच्या खांद्यावर भार टाकून डॉक्टरच्या खोलीकडे चालू लागल्या. माझ्या शेजारची खुर्ची बाहेर ओढलेली होती तशीच राहिली, आणि रांगेतला पुढचा माणूस खिडकीशी येऊन उभा राहिला.